रेडियमच्या कोंबड्या

याडीनं आम्हाला खोली दिली. पुढं जे झालं ते सांगण्याआधी हे लिहून ठेवते, कारण सांगायला बसले की माझं मन पुढं पळतं, आणि जिनं केलं तीच मागं राहते. तिचं नाव मी लिहिणार नाही. तांड्यात तिला सगळे याडीच म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. मारेगावच्या पुढं, रस्त्याला चिकटून तो तांडा आहे. तिथं तिचं घर, घरामागची ती खोली, तिच्या कोंबड्या, आणि तिचं ऐकणारी सगळी माणसं, एक तिचा मुलगा सोडून.

माझा नवरा रोलर चालवतो. रस्त्याचं काम जाईल तिथं रोलर जातो आणि रोलरमागं आम्ही. माझं माहेर गडहिंग्लजकडचं. आठवीतून शाळा सुटली, शिवण शिकले, लग्न झालं, आणि मग एकेका अनोळखी गावात चूल मांडत इतक्या लांब आले. इथं आलो तेव्हा आमचा कॅम्प क्रशरच्या शेजारी होता. पत्र्याच्या खोल्या आणि दिवसभर गिट्टीची पांढरी धूळ. ताटावर धूळ, अंथरुणात धूळ, झाकून ठेवलेल्या दुधावरसुद्धा साय दिसण्याआधी धूळ दिसायची. मुलीला अजून नीट बोलता येत नव्हतं, पण खोकता छान यायला लागलं होतं. खोकून खोकून ती निळसर व्हायची आणि मी नुसतीच उभी राहायची, बसायची, परत उभी राहायची. मारेगावच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "औषधानं बरं वाटेल, पण हिला धुळीतून बाहेर काढा. नाहीतर परत याल."

बाहेर काढायची, पण ठेवायची कुठं? रोडवाल्यांना खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आज इथं, उद्या तिकडं, तुमचा काय भरवसा, असं तोंडावर म्हणायचे. एकानं तर दार अर्धं उघडं ठेवूनच मुलीचा खोकला ऐकला आणि तसंच लावून घेतलं.

बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर मी मुलीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होते. बाकावर एक बाई बसली होती. हातात बांगड्यांसारखी पांढरी बलोती, कोपरापर्यंत, आणि मांडीवर टोपलीत एक कोंबडा. तिनं माझ्या बऱ्याच फेऱ्या पाहून घेतल्या.

"काहून खोकून राह्यली पोट्टी?"

"कॅम्पात धूळ हाय ओ."

"मंग कॅम्पात कायले ठेवली?"

"खोली मिळंना."

तिनं कोंबड्याकडं बघितलं, जणू त्यालाच विचारत होती. "माह्याकडं हाये एक. कुटार भरलं हाये त्यात. कुटार बाहीर काढू, तू अंदर राह्य. पण माह्या कोंबड्या पाहा लागन. मी वावरात गेली की ह्या साऱ्या गावभर."

आडनाव नाही, गाव नाही, कधी जाणार हे नाही. मी हो म्हणाले, आणि बस आली तरी माझा विश्वास बसला नव्हता. कुटार म्हणजे गुरांचा भुसा, हेही मला नंतर कळलं.

त्या खोलीत मुलीचा खोकला उतरत गेला. एकदम नाही, पण रात्री मला झोप लागायला लागली. आता काळजी उरली ती कोंबड्यांची. गावरान कोंबड्या, मोकळ्या सोडलेल्या. सकाळी डालगं उचललं की निघाल्या. त्यांचा उकिरडा रस्त्याच्या पलीकडं होता, घर अलीकडं. जुना रस्ता अरुंद होता तेव्हा पिढ्यान् पिढ्या त्या आरामात ये-जा करत आल्या होत्या. आता रस्ता रुंद होत होता. मुरमाचे टिप्पर दिवसभर जायचे, आणि मातीच्या रंगाची कोंबडी मातीच्या रंगाच्या रस्त्यात उभी असली तर टिप्परवाल्याला काय दिसणार?

पहिली गेली ती चितकबरी. मी चूल पेटवत होते. ब्रेकचा आवाज आला, मी धावले. ड्रायव्हर खाली उतरून कपाळाला हात लावून उभा होता. याडी संध्याकाळी वावरातून आली, पिसं पाहिली, मग मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिचा मुलगा मात्र बोलला, "तुमच्याच रोडनं मारली, ताई."

दुसरी गेली तेव्हा समोरच्या घरची काकी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसली. "रोडवाली कोंबड्या राखते अन् रोडच कोंबड्या खाते! बरं जमलं बाप्पा!"

त्या दिवशी मुलगा आणि याडी बराच वेळ आपल्या बोलीत बोलत होते. मला ती बोली कळत नव्हती, पण 'रोड' कळलं, 'खोली' कळलं. मग तो माझ्या दाराशी आला. माणूस वाईट नव्हता, मान खाली घालून बोलला. "ताई, याडी काही म्हणणार नाही तुमाले. मी सांगून ठेवतो. होळीपर्यंत पाहू. अजून कोंबड्या गेल्या तं ती खोली आमाले कुटाराले लागते."

म्हणजे परत क्रशर. मी कोंबड्या कोंडून पाहिल्या, तर त्या डालग्यातच एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. पायाला दोरी बांधून पाहिली, याडीनं येताच सोडली. "कोंबडी हाये ती, शेळी नाही." मग मी दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी. मुलीला भरवताना उभी, तांदूळ निवडताना उभी. टिप्परचा आवाज आला की कोंबड्या मोजायला लागायची. त्या हलत्या कोंबड्या कधी मोजून झाल्या नाहीत.

नवऱ्यानं एकदा पोतेऱ्याला म्हणून फाटकी जाकिटं आणली. साइटवर प्रत्येकाला ती असतात, भगवी, झगझगीत, आणि वर चंदेरी रेडियमच्या पट्ट्या. जाकीट नसेल तर इंजिनिअर सरळ घरी पाठवतो. "अंगात जाकीट नसलं की माणूस रस्त्यावर नसल्यासारखाच," नवरा म्हणाला आणि भात मागितला. मी भात वाढायचं विसरून जाकिटाकडं बघत राहिले.

मशीन गावीच राहिलं होतं. हातानं शिवलं. कोंबडीचं माप घेणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ब्लाऊजचं माप घेताना बाई निदान श्वास रोखून उभी राहते. हिची छाती सापडते तोवर मान फिरलेली, मान धरावी तर पंख सुटलेला. शेवटी मी पाठीवर बसेल असा चौकोन कापला, पंखांना दोन्हीकडं मोठी भोकं ठेवली, छातीखालून नाडी घेतली, वर मधोमध रेडियमची पट्टी. पहिलं जाकीट घातल्याबरोबर कोंबडी आडवी पडली. मेल्यासारखी. मी तर रडायच्या बेतात. मग ती उठली आणि उलटी चालायला लागली, मागं मागं, थेट भिंतीला टेकेपर्यंत. बाकीच्या कोंबड्यांनी ही कोण नवीन आली म्हणून तिला टोचून हैराण केलं.

मग माझ्या लक्षात आलं की एकीला घालून चालणार नाही. सगळ्यांना एकदम घातलं पाहिजे, म्हणजे कुणीच वेगळी दिसणार नाही. दिवेलागणीला कोंबड्या डालग्यात शिरून मऊ होतात, हातात धरल्या तरी कुरकुरत नाहीत. तेव्हा एकेकीला घेऊन नाड्या बांधल्या. कोंबड्याचं जाकीट थोडं मोठं केलं, त्याला तो मान हवाच. याडी बाजूला बसून हसत होती. "नवरदेवावानी सजोलं व याले!"

सकाळी डालगं उचललं आणि सगळी वरात रस्त्याकडं निघाली. समोरून टिप्पर येत होता. लांबूनच त्याचा वेग कमी झाला. कोंबड्या आपल्या थाटात पलीकडं गेल्या. ड्रायव्हर बिहारकडचा होता, खिडकीतून ओरडला, "भाभी, मुर्गी लोग को भी ड्यूटी पे लगा दिया क्या?" दुपारी इंजिनिअरची गाडी थांबली. त्यानं काच खाली केली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "जाकिटं झाली. हेल्मेट कुठायत?" मी हसले. कितीतरी दिवसांनी बसून जेवले.

त्यानंतर एकही कोंबडी टिप्परखाली गेली नाही. माझी काळजी मिटायला हवी होती, पण मला काहीतरी वेगळंच जाणवत होतं. लोक बदलले होते. होळीच्या आधी कोंबड्या घ्यायला आजूबाजूचे लोक येतात, याडीच्या कोंबड्यांना मागणीही असायची. ते यायचे, अंगणात उभे राहायचे, कोंबड्यांकडं बघून हात जोडायचे आणि पाणी पिऊन निघून जायचे. मला वाटलं याडीला मान देतात. काकीनं अंगणात तुरीची डाळ वाळत घातली होती. आमच्या कोंबड्या त्यात शिरल्या तर ती काठी घेऊन उठली, जाकिटं पाहिली, आणि काठी खाली ठेवून कोपऱ्यात उभी राहिली. कोंबड्या डाळ खात होत्या आणि काकी दात-ओठ खात बघत होती. मी पळत जाऊन कोंबड्या हाकलल्या तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काही पाप केलंय.

मला विचारायची भीती वाटली. परक्या गावात माणूस विचारतं कमी आणि अंदाज जास्त बांधतं. मला वाटलं, ही आता मला हाकलायच्या आधीची शांतता आहे.

शेवटी काकीलाच राहवलं नाही. हातपंपावर माझी घागर भरत असताना ती जवळ आली, दांडा स्वतः मारायला लागली आणि हळूच म्हणाली, "विचारू नाही, मालूम हाये. पण सांग ना व, याडीनं कायचा नवस बोलला?"

"नवस कसला?"

"कोंबड्यायचा. साऱ्याच्या साऱ्या सोडल्या देवाले?"

मी म्हणाले, "नवस न्हाई काकी. टिप्परला दिसाव्यात म्हणून शिवलीत."

हातपंपाचा दांडा तिच्या हातात तसाच वर राहिला.

मग मला कळलं. त्या भागात देवाला सोडलेल्या कोंबडीला रंगीत चिंधी बांधतात. ती विकायची नाही, कापायची नाही, कुणाच्या दारात गेली तर हाकलायची नाही. आणि नवस कशाचा ते विचारायचं नाही, विचारलं तर फळत नाही म्हणतात. म्हणून सगळा तांडा गप्प होता. कापड माझ्या नवऱ्याच्या जाकिटाचं आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण कापड कुठलंही असो, बांधलं म्हणजे बांधलं. याडीच्या घरच्यांनी मला शिवताना पाहिलं होतं, म्हणून त्यांच्या मनात नवस आलाच नाही; आणि याडी दिवसभर वावरात असायची, तिला वाटलं या वर्षी गिऱ्हाईकच कमी आहे.

"म्हंजे माह्यी दाळ फुकटच गेली!" काकी तिथूनच ओरडत निघाली. "देव नाही, नवस नाही, अन् मी हात जोडून उभी! ह्या रोडवालीनं साऱ्या तांड्याले उल्लू बनोलं!"

संध्याकाळी तांड्याच्या नायकानं बोलावलं. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य, वयस्कर माणूस, बाजेवर बसून सुपारी कातरत होता. निंबाखाली सगळे जमले होते. याडी नुकतीच वावरातून आली होती, पाय धुवायचे राहिले होते. कोंबड्याही तिच्या मागं मागं तिथं येऊन लोकांच्या पायांत फिरत होत्या, जाकिटं घालून. माझी मुलगी माझ्या कडेवर होती आणि मी तिला उगाच इकडून तिकडं घेत होते.

नायक म्हणाला, "बाई, खरं सांगजो. ह्या कोंबड्या देवाच्या हायेत का नाही?"

हो म्हटलं तर खोली राहते, पण देवाच्या नावानं खोटं. नाही म्हटलं तर क्रशर. "न्हाईत ओ," मी म्हणाले. "माझ्या हातची शिवण हाय. तुमच्यात असं असतंय, मला ठाव नव्हतं. देवाशप्पत."

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, देवाची मस्करी केली. कुणी म्हणालं, रोडवाल्यायले ठेवलंच कायले. मुलगा म्हणाला, "मी तं आधीच म्हणलं होतं. ताई, उद्याच्याला खोली..."

"थांब," याडी म्हणाली.

ती उठली. पायापाशी फिरणारी एक तांबडी कोंबडी तिनं उचलली, जाकिटासकट छातीशी धरली, आणि तांड्याच्या कडेला देवाचा चबुतरा आहे तिकडं तोंड केलं. मोठ्यानं, मराठीतच म्हणाली, मला कळावं म्हणून असेल. "काल नव्हत्या. आता हायेत. ह्या पोट्टीचा खोकला जाऊ दे. माह्या साऱ्या कोंबड्या तुह्या."

नवस सगळ्यांसमोर बोलून झाला होता. मस्करी केली असं म्हणायला आता जागाच नव्हती, हे मलाच कळायला वेळ लागला. मग मुलगा एकदम भानावर आल्यासारखा ओरडला, "याडी! साऱ्या? मंग होळीले काय खाऊ?"

"वांगे खाय," याडी म्हणाली आणि खाली बसली.

काकी मात्र हटणारी नव्हती. "अन् माह्यी दाळ?"

"ते देवानं खाल्ली," नायक म्हणाला.

"कशी देवानं खाल्ली? तवा तं कोंबडीच होती!"

लोक हसायला लागले. नायकही हसला, पण त्याला ते पटलं असावं. आता देवाच्या झालेल्या इतक्या कोंबड्या तांडाभर फिरणार आणि कुणाला हाकलता येणार नाही, म्हणजे कुणाचीच डाळ वाचणार नाही. त्यानं सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "आपल्याले हाकलता येत नाही, बरोबर. पण ही बाई काही आपल्यातली नाही. तिनं हाकलल्या तं चालते. तिच्या अंगावर आपल्या देवाचं काही येत नाही."

"अन् अंडे?" कुणीतरी विचारलं.

"कोंबडी देवाची, अंडं कोंबडीचं," याडी म्हणाली. यावर नायकानं मान हलवली, पण अंड्यातून पिल्लू निघालं तर ते मात्र देवाचं, असं बजावलं.

त्या दिवसापासून मी साऱ्या तांड्याची राखणदार झाले. ज्याच्या अंगणात काही वाळत घातलेलं असेल तो हाक मारायचा, "रोडवाली ताई, या वं, देव आले!" मी मुलीला काखेत घेऊन काठी हातात धावायची. एका घरातून दुसऱ्या घरात. पाय दुखायचे, पण सगळ्यांची दारं मला उघडी झाली. काकी आधी नुसती हाक मारायची, मग चहा करून हाक मारायला लागली. पण चहा पितानाही मला निवांत वाटत नव्हतं. माझ्या मुलीच्या खोकल्यासाठी याडीनं आपलं सगळं देऊन टाकलं होतं, आणि ते सगळं भगव्या जाकिटात दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर फिरत होतं. हाकलताना काठी लागू नये म्हणून मी जपायची.

होळी आली. तांड्यात होळी म्हणजे मोठा सण, बाया रांगेनं नाचतात, लेकी माहेरी येतात. याडीची लेकही आली. दरवर्षी तिच्यासाठी कोंबडी शिजायची. या वर्षी ताटात वांग्याची भाजी आणि अंडी. तिनं अंगणातल्या झगझगीत कोंबड्यांकडं पाहिलं, मग ताटाकडं. "याडी, एखादी तं ठेवायची होती माह्यासाठी! देवाले एवढी भूक लागली होती काय?" सगळे हसले. याडीही हसली, पण नंतर चुलीपुढं बसून तिनं लेकीच्या ताटात आपल्या वाटचं अंडंही घातलं, हे मी पाहिलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

मुलीचा खोकला गेला. धूळ नव्हती म्हणून गेला, औषधानं गेला की कशानं, मी याडीशी कधी वाद घातला नाही. ती रोज मुलीच्या छातीला कान लावायची आणि चबुतऱ्याकडं बघून मान हलवायची, जणू हिशोब बरोबर चाललाय.

उन्हाळा संपत आला तेव्हा तो टप्पा डांबरून झाला आणि रोलर पुढं निघाला. निघताना मी कोंबड्यांची जाकिटं काढून घेऊ का म्हणून विचारलं. मळली होती, काहींच्या नाड्या तुटल्या होत्या. याडी म्हणाली, "राहू दे. रोड तं तुह्या मागं इथंच राहून राह्यला ना." मग मी जागून सगळ्या नाड्या नव्यानं शिवून दिल्या. माझ्याकडून तेवढंच झालं.

आता आम्ही झरी जामणीच्या बाजूला आहोत. इथं जंगलातून रस्ता चाललाय, शाळेमागं एक खोली मिळाली आहे, धूळ कमी आहे. मुलगी खूप बोलते आणि खोकत नाही. मी मात्र ब्रेकचा आवाज आला की अजून उठते. मनात एकच घोळत असतं, याडीकडं आता एवढ्या कोंबड्या आहेत आणि एकही तिची नाही. पिल्लं निघाली की तीही तिची नाहीत. लेक पुढच्या होळीला येणार, मुलगा तोंड वाकडं करणार, आणि ती वांगी चिरत बसणार.

नवऱ्याला मी सांगून ठेवलंय. या कामावरून सुटी मिळाली की कुठंही जायच्या आधी मारेगावला जायचं. मी दोन चांगल्या तलंगा, अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा घेऊन जाणार, आणि निंबाखाली नायकासमोर सांगणार की या याडीच्या आहेत, हिनं विकाव्यात, कापाव्यात, लेकीला खाऊ घालाव्यात, यांच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. याडी, तुला वाचता येत नाही, हे लिहिलेलं मी येईन तेव्हा स्वतः वाचून दाखवीन. तोवर उशीर होतोय हे मला कळतंय. पण मी येणार.